मोटारसायकलच्या आधी एक सायकल

नेरडीगोंड्याच्या माणसाला रस्त्याचं कौतुक सांगायला नको. श्रीनगरहून निघून कन्याकुमारीला पोचणारा ४४ नंबरचा महामार्ग आपल्या दारावरून जातो. पूर्वी हाच रस्ता ७ नंबरचा होता. महबूब घाटात एखादा ट्रक बंद पडला की निर्मलला जाणाऱ्यांचा खोळंबा ठरलेला. आता तो चौपदरी झाला, रोलमामड्याला टोलनाका बसला आणि नागपूरहून हैदराबादला निघालेला ट्रक आपल्याकडे ढुंकूनही न बघता निघून जातो. चांगलंच झालं. महामार्गाबद्दल माझी तक्रार नाही.

पण आपल्यातल्या किती जणांना रोज हैदराबादला जायचं असतं? आपला रोजचा प्रवास सुरू होतो तो फाट्यावर उतरल्यावर. मंडल ऑफिस, हायस्कूल, बँक, दवाखाना, खताचं दुकान हे सगळं महामार्गाच्या कडेला आणि गुडे, तांडे, वाड्या आत. कुणाचं घर तीन किलोमीटर, कुणाचं पाच, कुणाचं आठ. ९ डिसेंबर २०२३ पासून तेलंगणात बायका-मुलींना बसचं तिकीट नाही. आदिलाबादहून फाट्यापर्यंत माय-लेकी फुकट येतात आणि तिथून पुढच्या चार किलोमीटरला ऑटोवाल्याच्या हातापाया पडतात. ऑटो भरल्याशिवाय निघत नाही. भरतो तेव्हा एक पाय बाहेर लोंबत असतो. संध्याकाळ झाली की तोही मिळत नाही.

या चार-पाच किलोमीटरसाठी सायकलीइतकं स्वस्त आणि आपल्या हातातलं वाहन दुसरं नाही आणि तेच आपण घरातून हद्दपार करत चाललो आहोत. दारात मोटारसायकल यायची असेल तर येऊ द्या. रात्री-बेरात्री बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं तर सायकल कामाची नाही, हे कोण नाकारेल? पण मोटारसायकलच्या आधी एक सायकल घ्या. ती पोराच्या हट्टापायी घेऊ नका, शाळेत जाणाऱ्या मुलीसाठी घ्या.

आजोबांच्या पिढीला हे सांगावं लागलं नसतं. त्या काळी सायकल, घड्याळ आणि रेडिओ ज्याला सासऱ्याने दिला तो जावई मोठा. हुंडा वाईटच, तेव्हाही आणि आताही, पण सायकलीला काय मान होता ते त्यावरून कळतं. शहरांत नगरपालिका सायकलीवर कर घ्यायच्या, त्याचा पितळी बिल्ला सायकलीला लावावा लागे. दिवा नसला तर पोलीस अडवायचा, डबल सीट दिसली तर दंड व्हायचा. पुणं तर सायकलींचं शहर म्हणूनच ओळखलं जायचं. खेड्यातली पोरं तासावर भाड्याची सायकल घेत आणि सीटवर बसून पाय पोचत नाहीत म्हणून दांडीखालून पाय घालून कैची मारत शिकत. गुडघे फुटत, पण आठवड्यात सायकल येत असे.

मग १९८० नंतर मोटारसायकली आल्या आणि सायकल गरिबाची झाली. आपल्याकडे एखादी वस्तू गरिबाची ठरली की ती वापरणारा माणूसही खाली मान घालून चालायला लागतो. लग्नाला सायकलवर आलेला पाहुणा ती मांडवापासून लांब लावतो. गंमत म्हणजे पुढे हैदराबाद-पुण्याचे डॉक्टर आणि इंजिनिअर पन्नास हजारांच्या सायकली घेऊन पहाटे पोट कमी करायला निघाले. सायकल तीच, चाकं दोनच. एकाला लाज आणि दुसऱ्याला टाळ्या!

तरी ती संपलेली नाही. २०११ च्या जनगणनेने शेतीबाहेरच्या कामाला जाणाऱ्यांना विचारलं, कसे जाता? शंभरातले तेरा म्हणाले, सायकलने. स्कूटर-मोटारसायकलवाले तेव्हा जवळजवळ तेवढेच होते, किंचित कमीच. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही देशातल्या निम्म्या घरांत सायकल सापडली. बंगालमध्ये चारांपैकी तीन घरांत आहे. दक्षिणेत, आपल्या बाजूला, प्रमाण बरंच कमी. म्हणजे देशाने सायकल सोडलेली नाही, आपण मात्र सोडत चाललोय.

आता जरा हिशेब करू. फाट्याला जाऊन-येऊन रोज दहा किलोमीटर धरा. खड्ड्या-खडीच्या रस्त्यावर साधी मोटारसायकल लिटरला पन्नास देते असं समजू. पेट्रोल शंभरीच्या वर जाऊन आता वर्षं झाली. रोजचे वीस-बावीस रुपये, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे साडेपाचशेच्या आसपास. वर्षाला सहा-साडेसहा हजार. एवढ्या पैशात साधी, मजबूत, मागे कॅरियर असलेली सायकल येते आणि नीट वापरली तर दहा वर्षं जाते. हा झाला फक्त पेट्रोलचा हिशेब. ऑईल, टायर, विमा आणि फायनान्सवाल्याचा हप्ता यात धरलेला नाही.

हप्त्याचं तर वेगळं सांगायला हवं. आपल्या भागात पैसा येतो कापसाला, सोयाबीनला. म्हणजे दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत. हातात नोटा असतात तेव्हा डाउनपेमेंट सहज भरलं जातं. हप्ता मात्र जूनमध्येही येतो, जुलैमध्येही येतो, जेव्हा बियाणं आणि खत उधारीवर आणलेलं असतं. कापसाच्या पैशावर महिन्याचा हप्ता भरायचा, हे गणितच जुळत नाही. मग सावकाराकडून घेऊन फायनान्सवाल्याला द्यायचं. किती घरांत हे चाललंय ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलीवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला. त्याच दिवशी साध्या मोटारसायकलींवरचाही अठ्ठावीसवरून अठरावर आला. शोरूमवाल्यांनी दुसऱ्या बातमीचे बॅनर लावले, पहिलीचे कुणी लावले नाहीत. म्हणून सांगतोय.

आता मुलींचं. इथे जरा थांबून बोलायला हवं, कारण सायकलीचा सगळ्यात मोठा फायदा पेट्रोलचा नाहीच.

पाचवी-सातवीपर्यंतची शाळा गावात किंवा शेजारच्या गावात असते. आठवी-नववीला मुलगी फाट्याकडे निघते आणि तिथेच घरात चर्चा सुरू होते. लांब आहे, रस्त्यात जंगल आहे, परत यायला उशीर होतो, ऑटोत कोण कोण बसतं... आणि एक दिवस तिची शाळा बंद होते. कुणी बंद केली असं नसतं, ती आपोआप बंद होते. मग कापूस वेचायला एक हात वाढतो आणि दोन वर्षांत लग्न.

बिहार सरकारने २००६ मध्ये यावर एक साधा उपाय केला. नववीत नाव घालणाऱ्या प्रत्येक मुलीला सायकलसाठी दोन हजार रुपये. लोक म्हणाले, बाप दारू पिऊन टाकतील. तसं झालं नाही. बहुतेकांनी खरोखर सायकलच घेतली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या दोन अर्थशास्त्रज्ञांनी पुढे शेजारच्या झारखंडशी ताडून बघितलं. माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं होतं आणि मुलगा-मुलगी यांच्यातली दरी ४० टक्क्यांनी कमी झाली होती. फायदा कुठे जास्त झाला? ज्या गावांपासून हायस्कूल तीन किलोमीटरपेक्षा लांब होतं तिथे. म्हणजे नेमकी आपल्या फाट्यापासून आतली गावं.

आफ्रिकेतल्या झांबियातही शाळकरी मुलींना मजबूत बांध्याच्या, जड ओझं पेलणाऱ्या सायकली देऊन बघितलं. शाळा बुडवण्याचं प्रमाण चौथ्या हिश्शाहून जास्त उतरलं आणि शाळेत वेळेवर पोचणं वाढलं. बिहार वेगळा, झांबिया वेगळा, पण लांबची शाळा आणि धास्तावलेली आई दोन्हीकडे सारखीच.

एवढ्या लांब कशाला जायचं? राज्याची सीमा ओलांडली की किनवट आणि माहूर. तिथे महाराष्ट्र सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना सायकल आणि त्याहून लांबच्यांसाठी त्या निळ्या बस. मागास ठरवलेल्या १२५ तालुक्यांत ही योजना चालते. आधी तीन हजार मिळत, मग साडेतीन झाले आणि २०२२ पासून पाच हजार. योजनेत खोट्या पावत्या, उशिरा येणारे पैसे हे सगळं आहेच, कुठल्या सरकारी योजनेत नसतं? तरीही सकाळी शाळेच्या वेळेला त्या बाजूला गेलात तर आठ-दहा मुली रांगेने सायकलवर जाताना दिसतील. एकटी मुलगी रस्त्यावर घाबरते. आठ मुली असल्या की रस्ता त्यांचा होतो.

आपल्या राज्याने जोर दिला तो आश्रमशाळा आणि गुरुकुलांवर. त्यांचं महत्त्व आहेच. उटनूरच्या आदिवासी विकास संस्थेच्या (आयटीडीए) शाळांनी कितीतरी गोंड, कोलाम, लंबाडा मुलांना शिकवलं. पण प्रत्येक आईला मुलगी वसतिगृहात ठेवायची नसते आणि प्रत्येक मुलीला घर सोडायचं नसतं. जिला घरी राहून शिकायचंय तिच्यासाठी काय? महाराष्ट्राच्या सीमेवर राहून आपण त्यांच्याकडून लग्नाच्या पद्धती घेतल्या, सण घेतले, भाषा तर आपलीच आहे. ही योजनाही मागून घ्यावी.

आता बायकांबद्दल. “आमच्याकडे बाया सायकल चालवत नाहीत” हे वाक्य मी अनेक ठिकाणी ऐकलंय. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईतही १९९० पर्यंत हेच म्हणत होते. जिल्हा गरीब, खाणीत दगड फोडणाऱ्या आणि शेतात राबणाऱ्या बायकांचा. १९९१ नंतर तिथे साक्षरतेची चळवळ सुरू झाली. त्या वेळच्या कलेक्टर शीला राणी चुंकत यांनी ठरवलं की बायकांना अक्षरासोबत सायकलही शिकवायची. पुरुष टवाळी करत होते, टोमणे मारत होते. पण शिबिरांना बायका येत राहिल्या आणि काही वर्षांत लाखाच्या आसपास बायका सायकल शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी तिथे जाऊन हे लिहून ठेवलंय. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा बायकांनी जेन्ट्स सायकली घेतल्या आणि काहींना त्याच बऱ्या वाटायला लागल्या. कारण पुढच्या दांडीवर पोर बसवता येतं! पाण्याची घागर कॅरियरला, पोर दांडीवर आणि बाई निघाली. नवऱ्याची वाट बघायची नाही आणि बसचीही नाही.

आपल्याकडची बाई मार्चमध्ये मोहफुलं वेचते, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडते, ते सगळं डोक्यावर वाहते आणि सायकलवर चढायला मात्र लाजते. ही लाज तिची स्वतःची नाही, आपण तिच्यावर घातलेली आहे. पंचेचाळीस किलोची युरियाची गोणी कॅरियरवर बांधून सायकल ढकलत नेणारे पुरुष आपण रोज बघतो. झारखंडात तर माणसं दोन-दोन क्विंटल कोळसा सायकलवर लादून घाट चढतात. ते कौतुकाचं नाही, नाइलाज आहे. पण लोखंडाचा तो सांगाडा काय वाहू शकतो ते त्यातून कळतं. डोक्यावरचं ओझं कॅरियरवर उतरवलं तर मान आणि कंबर, दोन्ही वाचतील.

यावर लोक काय म्हणतील तेही मला माहीत आहे, आणि ते खोटं नाही.

ऊन. मे महिन्यात आदिलाबाद पंचेचाळीसच्या आसपास तापतं, तेव्हा सायकल काय आणि पायी काय, दुपारी बाहेर पडूच नये. पण मेमध्ये शाळा बंद असते. मार्चच्या मध्यापासून अर्ध्या दिवसाची शाळा असते, तेव्हा मात्र परतताना ऐन दुपारचं ऊन डोक्यावर येतं. तिथे उपाय रस्त्याकडेच्या झाडांचा. चौपदरीकरणात जुनी झाडं गेली. आतल्या रस्त्यांना ती परत लावायची तर ते काम ग्रामपंचायतीच्या हातातलं आहे. चढ. आपला मुलूख डोंगराचा, कुंटाल्याच्या धबधब्याकडे जाणारे रस्ते वर-खाली होणारच. चढावर उतरून सायकल ढकलत न्यायची. यात कसला कमीपणा? चिखल. पावसाळ्यात काळी माती मडगार्डात ठासून बसते आणि चाक फिरत नाही. शेतकरी पावसाळ्यापुरतं पुढचं मडगार्ड काढून ठेवतात, तेच करावं.

आणि अपघात. ही भीती मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

२०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातले सायकलवाले ४,८३६. दुचाकीवाले मात्र ७४,८९७, म्हणजे शंभरातले चव्वेचाळीस. कुणी म्हणेल, मग सायकल सुरक्षित! तसा अर्थ काढू नका. मोटारसायकली जास्त आणि लांब पळतात, म्हणून त्यांचा आकडाही मोठा. पण मुलगा मोटारसायकलवर गेला की आपण निर्धास्त होतो आणि मुलगी सायकलवर गेली की जीव टांगणीला लागतो, त्यातलं निर्धास्त होणं चुकीचं आहे एवढं या आकड्यांवरून नक्की कळतं. आतल्या रस्त्यावर, फाट्यापासून गावापर्यंत, सायकलीला फारसा धोका नाही. धोका आहे तो महामार्गावर. तिथे सायकलवाल्याचं स्वतःचं असं काय आहे? कडेची पांढरी पट्टी आणि तिच्या पलीकडची हातभर जागा. गावाजवळ सर्व्हिस रोड असतो, गाव संपलं की तोही संपतो.

याच राज्यात हैदराबादच्या आऊटर रिंग रोडला लागून २३ किलोमीटरचा सायकल ट्रॅक आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाला. वर सोलर पॅनेलचं छप्पर, म्हणजे सावली आणि वीज दोन्ही. हेवा वाटावा असंच काम आहे. पण त्यावर सायकल चालते ती बहुतेक व्यायामाची. जिला रोज शाळेत जायचंय, ज्याला रोज कामावर जायचंय, त्याच्या वाट्याला पांढरी पट्टी. केंद्र सरकारच्या सायकलविषयक योजनाही शहरांपुरत्याच. खेड्यातला माणूस सायकल चालवतोच आहे, त्याला वेगळं काय द्यायचं, असं वरच्यांना वाटत असावं. तो ती चालवणं बंद करेल तेव्हा त्यांना कळेल, पण तेव्हा फार उशीर झालेला असेल.

तोवर आपला जीव आपणच सांभाळायचा. बाबांनो, एक गोष्ट सोडा. दुभाजकातली फट लांब आहे म्हणून वळसा चुकवायला उलट्या बाजूने सायकल घालू नका. समोरून येणाऱ्या गाडीला वाटत नाही की तिच्या लेनमध्ये कुणी तिच्याच तोंडावर येईल. वळसा लांब पडत असेल तर उतरा, दोन्ही बाजू बघा आणि सायकल हातात धरून ओलांडा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला धरून जाणं ही पोरांची जुनी मौज आहे, ती मोडून काढा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जिनिंगकडे जाणारे कापसाचे टेम्पो दोन्ही बाजूंनी असे फुगलेले असतात की ड्रायव्हरला स्वतःच्या गाडीची रुंदी कळत नाही. त्या दिवसांत मागून टेम्पोचा आवाज आला की सरळ रस्त्याखाली उतरा, अहंकार करू नका. मागच्या मडगार्डला लाल रिफ्लेक्टर असतो, तो चिखलाने माखलेला असतो. सकाळी निघताना ओल्या फडक्याने पुसा. संध्याकाळी यायचं असेल तर शंभर-दीडशे रुपयांचा लुकलुकणारा लाल दिवा मागे लावा. आपल्याकडच्या थंडीत पहाटे धुकं असतं, गुडीहतनूरपर्यंत समोरचं दिसत नाही. अशा वेळी काळं स्वेटर घालून सायकलवर निघू नये.

सायकल घरात टिकत नाही याचं खरं कारण मात्र यातलं एकही नाही. ती पंक्चर होते आणि पंक्चरच राहते, हे आहे. सायकलची दुकानं बसली. जो पंक्चर काढायचा तो आता मोटारसायकलचा मेकॅनिक झाला आणि सायकलीकडे बघायला त्याला वेळ नाही. मग ती गोठ्यात भिंतीला टेकते, तिच्यावर पोती पडतात आणि एक दिवस भंगारवाला घेऊन जातो. म्हणून पंक्चर घरीच काढायला शिका. अवघड काही नाही. दोन पान्यांनी, नसतील तर चमच्यांच्या दांड्यांनी, टायर रिमवरून उचला, ट्यूब बाहेर ओढा, हवा भरा आणि घमेल्यातल्या पाण्यात फिरवा. जिथे बुडबुडे येतील तिथे बोट ठेवा. पुसून कोरडं करा, कानशीने किंवा काचकागदाने घासा, सोल्युशन लावा आणि लगेच चिकटवायची घाई करू नका. ते बोटाला चिकटेनासं झालं की मग पॅच दाबा. टायर परत चढवायच्या आधी आतून हात फिरवा, काटा तिथेच असतो. बाभळीचा काटा ठेवून तशीच ट्यूब घातली तर संध्याकाळी तीच कथा. पॅच, सोल्युशन, पाने आणि हवेचा पंप मिळून चारशे-पाचशे रुपयांत येतं आणि ते सगळ्या गल्लीला पुरतं. शाळेतल्या मुलांना हे तासभरात शिकवता येतं. एखाद्या गुरुजींनी मनावर घ्यावं.

चेनला जळकं ऑईल फासू नका, धूळ चिकटून ती लवकर झिजते. शिलाई मशीनचं तेल दोन थेंब पुरतं. एवढ्यावर सायकल वर्षभर तक्रार करत नाही.

सायकलीला भवितव्य आहे का, असं विचारणारे लोक असतात. दुसरीकडे काय झालं ते बघितलं तर उत्तर सापडतं. चीन एके काळी सायकलींचा देश होता, पगारदार माणूस सायकलवरच दिसायचा. १९९० नंतर तिथल्या शहरांनी मोटारींना रस्ता द्यायला सायकली बाजूला सारल्या आणि धुरात गुदमरल्यावर पुन्हा लाखो भाड्याच्या सायकली आणल्या. कोलकात्याने तर २००८ पासून मोठमोठ्या रस्त्यांवर सायकलीलाच बंदी घातली. २०१३ मध्ये त्या रस्त्यांची संख्या १७४ झाली. दूधवाले, पेपरवाले, कारागीर, सगळे दंड भरत होते. दुसऱ्या बाजूला नेदरलँड्स. ते लोक जन्मतः सायकलवेडे आहेत असं आपल्याला वाटतं. खरं तर तिथेही मोटारींनी रस्ते गिळले होते. १९७०च्या दशकात रस्त्यावर मुलं मरायला लागली तेव्हा आईबाप रस्त्यावर बसले आणि सरकारला वेगळे सायकलमार्ग करावे लागले. कोलंबियाची राजधानी बोगोटा आपल्यासारखीच गरीब-श्रीमंतांची खिचडी. तिथे १९७४ पासून दर रविवारी मुख्य रस्ते मोटारींना बंद करून सायकलींना खुले करतात, आणि आता तो सगळ्या शहराचा सण झालाय. चारही ठिकाणी जे झालं ते कुणी तरी ठरवलं म्हणून झालं. जिथे लोकांनी मागितलं तिथे रस्ता मिळाला, जिथे लोक गप्प बसले तिथे दंडाची पावती.

मे २०२० मध्ये आपल्याच या महामार्गावरून हैदराबादहून निघालेले मजूर उत्तरेकडे जाताना आपण बघितले. कित्येक जण पायी होते. ज्यांच्याकडे थोडे पैसे उरले होते त्यांनी जुन्या सायकली विकत घेतल्या होत्या. रेल्वे बंद, बस बंद, आणि चालू होती ती सायकल. नेरडीगोंड्यात आणि पुढे ठिकठिकाणी लोकांनी त्यांना पाणी दिलं, जेवू घातलं. तो प्रसंग पुन्हा कुणावर येऊ नये. पण दुसऱ्यावर अवलंबून नसलेलं वाहन म्हणजे काय, ते त्या वेळी सगळ्यांना दिसलं.

बॅटरीच्या सायकलींबद्दल मुलं विचारतात म्हणून थोडं. अडीचशे वॅटच्या आतली आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा जास्त न धावणारी असेल तर तिला लायसन्स लागत नाही, नोंदणीही लागत नाही. चढाच्या आपल्या मुलखात ती कामाची आहे. पण आज तिची किंमत साध्या सायकलीच्या पाच-सहा पट आहे आणि बिघडली तर आदिलाबादला न्यावी लागेल. अजून दोन-चार वर्षं थांबायला हरकत नाही. साध्या सायकलीची सवय मोडू मात्र नका, कारण सवय मोडलेला माणूस बॅटरीवालीवरही बसत नाही.

आता करायचं काय, ते सांगतो. डिसेंबर २०२५ मध्ये पंचायतींच्या निवडणुका झाल्या, नवे सरपंच आलेत, अजून उत्साहात आहेत. ग्रामसभेत त्यांच्याकडे तीन गोष्टी मागा. फाट्यावर सायकली लावायला पत्र्याचं छप्पर आणि साखळी अडकवायला लोखंडी पाइप. म्हणजे बाई सायकल फाट्यावर ठेवून बसने आदिलाबादला जाईल आणि संध्याकाळी तीच घेऊन घरी येईल. फुकट बसचा खरा फायदा आतल्या गावाला तेव्हाच मिळेल. फाट्यावर रात्री जळणारा एक दिवा. आणि जिथे मुलं महामार्ग ओलांडतात तिथे सर्व्हिस रोड आणि सुरक्षित वाट मिळावी असा ठराव, जो मंडल ऑफिसमार्फत महामार्गवाल्यांपर्यंत जाईल. एका ठरावाने काम होणार नाही. आसपासच्या दहा गावांनी तोच ठराव केला तर फाईल हलते. आपल्या भागाचे आमदार बोथचे असतात. हायस्कूलच्या मुलींना सायकल द्या, ही मागणी त्यांच्या कानावर तेलुगूत, मराठीत, गोंडीत, लंबाडीत, जमेल त्या भाषेत घाला. पलीकडे किनवटला मिळते, आम्हाला का नाही, एवढं विचारलं तरी पुरे.

मुख्याध्यापकांना विनंती, शाळेच्या आवारात सायकलींना सावलीची जागा द्या आणि त्या कुणी छेडत नाही, हवा सोडत नाही याकडे लक्ष ठेवा. आतल्या गावांतल्या मुलींना एकाच वेळी सोडा, म्हणजे त्या गटाने जातील.

आणि आईबापांनो, शाळा १२ जूनच्या सुमाराला उघडतात. त्याआधीच्या बाजारात सायकल घ्या. नवी परवडत नसेल तर जुनी घ्या, फक्त चाक फिरवून रिम डगमगत नाही आणि दोन्ही ब्रेक लागतात एवढं बघा. गिअरची, जाड टायरची, झगमगीत स्टिकरची घेऊ नका. ती जड असते आणि तिचे भाग इथे मिळत नाहीत. कॅरियर, चेनकव्हर आणि स्टँड असलेली साधी सायकल बघा. घ्यायला जाताना मुलीला सोबत न्या. पाय टेकतात की नाही ते तिलाच कळेल.